मदत हवी आहे: वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी १ लाख ६० हजार उभे करायचे आहेत, मंडळ नोंदणीकृत नाही

पर्वतीकर_०७

पुण्यात आमच्या वस्तीत महापालिकेचं समाजमंदिर आहे. त्यातली मागची खोली बंद असते, तिथे २४ मुलांची अभ्यासिका करायची आहे. वस्तीत साधारण १४० घरं. मित्रमंडळ जुनं आहे, पण नोंदणी नाही, बँकखातंही नाही. गणपतीची वर्गणी आजवर रोखीतच गोळा झाली.

अंदाजपत्रक असं: खुर्च्या २४ (३३,६००), तिघांची टेबलं ८ (३६,०००), वायरिंग आणि एलईडी दिवे (१८,०००), पंखे ६ (११,४००), इन्व्हर्टर-बॅटरी (२४,०००), पाण्याचा फिल्टर (१२,०००), पुस्तकं (२५,०००). एकूण १,६०,०००.

प्रश्न:
१. नोंदणी नसताना देणगी घेता येते का?
२. खजिनदाराच्या गुगल पे वर पैसे घेतले तर चालेल का? सगळ्यांना तेच सोपं वाटतंय.
३. कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) मिळतील का?
४. सुरुवात कुठून करावी?

हिशोबनीस

आधी प्रश्न २, कारण गाडी तिथेच रुतते. वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. ते पैसे कागदोपत्री खजिनदाराचे उत्पन्न दिसतात, त्याच्या घरखर्चात मिसळतात, आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर खातं गोठतं आणि पैसे वारसांच्या नावावर जातात. माणूस कितीही सरळ असला तरी हे होतंच.

करायचं ते असं. सभा घ्या, इतिवृत्तात ठराव लिहा: अभ्यासिकेसाठी निधी जमवणे, मंडळाच्या नावे खाते उघडणे, अध्यक्ष-सचिव-खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. मंडळाच्या नावे पॅन काढा, अर्जात दर्जा 'व्यक्तींचा समूह'. मग ठराव, सभासद यादी, मंडळाची घटना म्हणजे नियमावली (दोन पानांची असली तरी चालते) आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रं घेऊन बँकेत जा. काही शाखा नोंदणी नसलेल्या मंडळाला नाही म्हणतात. तिथे वाद घालण्यापेक्षा दुसरी शाखा किंवा जवळची सहकारी बँक गाठा. क्यूआर त्याच खात्याचा घ्या, म्हणजे पैसे भरताना देणाऱ्याला मंडळाचं नाव दिसतं.

पावतीपुस्तकं ५० पावत्यांची, छापील अनुक्रमांक, कार्बन प्रत. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं याची वेगळी वही ठेवा. पावती चुकली तर फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. यूपीआयने आलेल्या रकमेच्या पावतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे लिहा. वर्षअखेरीस खातेउतारा आणि पावत्या जुळवताना हे सहा आकडेच कामी येतात.

धर्मादाय_मित्र

प्रश्न १. घेता येते, पण परवानगी काढून. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ४१ क. नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे असतील तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवासाठी मंडळं काढतात ती हीच. अर्ज ऑनलाइन होतो. ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागेबद्दलचं पत्र आणि मागचा हिशोब तयार ठेवा. मुदत संपल्यावर हिशोब सादर करायचाच. तो राहिला की पुढच्या वर्षीची गणपतीची परवानगीही तिथेच अडकते.

घरोघरी फिरणाऱ्या पोरांना एक सांगून ठेवा. 'इतके द्यावेच लागतील' ही भाषा वस्तीत नको आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तर मुळीच नको. जबरदस्तीची वर्गणी भारतीय न्याय संहितेत खंडणीत मोडू शकते, कलम ३०८.

अभ्यासिका कायमची चालवायची असेल तर पुढे रीतसर नोंदणी कराच. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या कायद्याखालीही नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहिल्यामुळे चालत्या संस्था वर्षानुवर्षं लटकतात, कारण कागदावर जुनेच विश्वस्त राहतात आणि नव्यांच्या सहीला बँक विचारत नाही.

सीएसआरवाला

प्रश्न ३ चं उत्तर: आत्ता थेट नाही. कंपनीला बाहेरच्या संस्थेमार्फत सीएसआर खर्च करायचा असेल तर त्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. शिवाय कायद्याने सीएसआर खर्चाचं बंधन आहे ते वर्षाला ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता असलेल्या कंपन्यांवर. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपचा मालक देईल ती साधी देणगी. त्याच्याकडे प्रस्तावाची फाईल घेऊन जाऊ नका, एका पानाचं पत्र आणि टेबलाचं कोटेशन पुरतं.

मधला मार्ग आहे. ज्या नोंदणीकृत संस्थेच्या उद्देशांत शिक्षण आहे तिच्याशी लेखी करार करा. देणगी त्यांच्या खात्यात 'अभ्यासिका निधी' म्हणून वेगळी धरली जाईल आणि दुकानदारांची बिलं ते थेट भरतील. तुमच्या हातात रोख परत येणार नाही, मागूही नका. देणाऱ्याला ८०जीची पावती मिळते. मात्र २,००० पेक्षा जास्त रोख दिली तर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही. त्यामुळे 'करात सूट' हे घोषवाक्य करू नका. निम्म्या नोकरदारांना त्याचा उपयोग नसतो.

हिशोबनीस

अंदाजपत्रकात मोठं भोक आहे. वीज, साफसफाई, इंटरनेट, किल्ली सांभाळणाऱ्याचं मानधन कुठे आहे? महिन्याला ६,५०० धरले तरी वर्षाचे ७८,०००. लोक पंख्यासाठी हौसेने देतात, वीजबिलासाठी कोणी देत नाही. म्हणून अनेक अभ्यासिका उद्घाटनानंतर काही महिन्यांत बंद पडतात. मुलांकडून महिना ३०० घ्या. सहा जणांना माफी दिली तरी १८ जणांचे ५,४०० होतात. उरलेल्या ११०० साठी 'एक महिना माझ्याकडे' असे बारा देणगीदार आधीच नक्की करा. वाढदिवस, वर्षश्राद्ध या निमित्ताने लोक खुशीने घेतात.

वर्गणीतज्ज्ञ

प्रश्न ४. घरोघरी सर्वांत शेवटी जा! मंडळं नेमकं उलटं करतात. पहिल्या घरी १०१ ची पावती फाटली की पुढची पन्नास घरं त्या पावतीकडे बघून १०१ च देतात.

तुमच्या रकमेसाठी मांडणी:
२५,००० चा एक
११,००० चे चार
५,००१ चे दहा
१,००१ चे तीस
५०१ ची साठ घरं

बेरीज १,७९,१००. म्हणजे काही गळती धरूनही १,६०,००० निघतात. वरचे पंधरा जण वस्तीतले क्वचितच असतात: वस्तीतून मोठे होऊन बाहेर गेलेले, डॉक्टर, किराणावाला, क्लासवाला, बाजूच्या सोसायट्या. त्यांच्याकडे आधी जा, दोघांनी जा, फोनवर मागू नका. रक्कम स्वतः उच्चारा: 'काका, आठ टेबलांपैकी दोन तुमच्याकडून हवी आहेत, नऊ हजार होतात.' 'जमेल ते द्या' म्हटलं की शंभराची नोट येते. ४०-४५ टक्के जमल्यावर फलकावर आकडा लिहा, मगच वस्तीत फिरा.

सोसायटीकडून हवे असतील तर पत्र जुलैतच द्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत नाव नसेल तर सचिव हात वर करतो.

पुस्तकांसाठी 'जुनी पुस्तकं द्या' असं आवाहन मुळीच नको, रद्दीचा ढीग येतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे तिच्या जुन्या बहुपर्यायी गाईडांची किंमत रद्दीएवढीच. पुस्तक, आवृत्ती, किंमत अशी यादी लावा आणि एकेक दत्तक द्या.

पर्वतीकर_०७

खूप आभार. दोन शंका. वस्तीतला एक जण अमेरिकेत आहे, ५०० डॉलर देतो म्हणतो. आणि नगरसेवक म्हणतात, 'सगळं मी करून देतो, फक्त नाव टाका.'

धर्मादाय_मित्र

पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवत असेल तर चालतं. ग्रीन कार्डने फरक पडत नाही. अमेरिकी नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगी, आणि एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय मंडळाला एक डॉलरही घेता येत नाही. एफसीआरए असलेल्या संस्थेकडून 'फिरवून' घ्यायचंही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. 'आईच्या खात्यात टाकतो, ती देईल' या वाटेला जाऊ नका.

क्षेत्रीय_कार्यालय_फेरे

नगरसेवकांना नाही म्हणू नका, पण कामं वाटून घ्या. 'स' यादीतला (महापालिका अंदाजपत्रकात नगरसेवकाने सुचवलेल्या कामांचा) पैसा मंडळाच्या हातात येत नाही, महापालिका निविदा काढून काम करते. म्हणून वायरिंग, फरशी, रंग, दारं-खिडक्या हे वास्तूचं काम त्यांच्याकडे द्या. तसं झालं तर तुमचे १८,००० वाचतात. नागरिकांच्या सूचनांतून होणारं सहभागी अंदाजपत्रकही पुण्यात २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात त्याचा अर्ज भरा. टेबलं, खुर्च्या, पुस्तकं मात्र मंडळाच्या पैशातून आणि मंडळाच्या साठा नोंदवहीत.

या सगळ्याआधी खोली वापरायची लेखी परवानगी मालमत्ता व्यवस्थापन विभागाकडून घ्या, वीजमीटर कोणाच्या नावे राहील हेही त्यात लिहून घ्या. परवानगी हातात येईपर्यंत भिंतीला एकही खिळा ठोकू नका आणि मोठ्या देणगीदाराकडून धनादेश घेऊ नका, फक्त होकार घ्या. नावाचं म्हणाल तर सर्व देणगीदारांची नावं एकाच फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरात, असा ठराव पहिल्याच सभेत करून टाका. नंतर केला की तो कोणाच्या तरी विरोधात केल्यासारखा दिसतो.