पिकअपच्या मागच्या ड्रममध्ये ओल : व्हील सिलिंडर गळतो आहे, एक्सलचे ऑइल सील, की दोन्ही?

नमस्कार. मागच्या ड्रम ब्रेकच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून मला नेमके मार्गदर्शन हवे आहे. पेडल दाबल्यावर ब्रेक शू ड्रमवर दाबणारा व्हील सिलिंडर गळतो आहे, की एक्सलच्या टोकाशी गिअर ऑइल अडवणारे सील, हे ठरवायचे आहे.

माझ्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर आणि बॅकिंग प्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर थाळीच्या) खालच्या कडेला, काळसर चिकट ओल येऊ लागली आहे. उजवे चाक पूर्ण कोरडे आहे. पेडल नेहमीपेक्षा थोडे खाली जाते, पण दाबून धरल्यावर हळूहळू खचत मात्र नाही. चाक काढून ड्रम उतरवला, तेव्हा दोन्ही ब्रेक शूंच्या लायनरची (ड्रमला घासणाऱ्या थराची) खालची टोके ओली होती आणि ब्रेकची धूळ त्या द्रवात मिसळून तिचा घट्ट लेप झाला होता. गळती कुठूनही झाली तरी द्रव शेवटी खालीच उतरतो, म्हणून नुसत्या खालच्या ओलीवरून निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही.

वरच्या भागात जे दिसले ते अधिक बोलके आहे, पण तेच एकमेकांशी जुळत नाही. एक्सल ज्या मध्यभागातून बाहेर येतो तिथून खाली तेलाचा स्पष्ट ओघळ आहे आणि त्याला गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास येतो. तिथले थोडे तेल स्वच्छ पाण्याच्या भांड्यात टाकले, तर ते वर तरंगले. नेहमीचे डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात विरघळते, तेव्हा या ओघळापुरते तरी हे गिअर ऑइलच आहे आणि एक्सलचे सील गेले आहे, असे मी धरून चाललो आहे. मात्र त्याच भांड्यातले पाणी गढूळही झाले. तो गढूळपणा धुळीचा की त्यात मिसळलेल्या ब्रेक ऑइलचा, हे मला ठरवता आलेले नाही.

शंका वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या) टाकीतील पातळी. माझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे मार्ग वेगळे आहेत, आणि टाकीचा मागच्या ब्रेकचा कप्पाच उतरला आहे. पुढचे डिस्क पॅड झिजले की टाकीतील पातळी खाली येते, हे समजण्यासारखे आहे. पण ड्रममध्ये स्प्रिंग शूंना परत ओढून घेतात आणि झीज अ‍ॅडजस्टर भरून काढतो, त्यामुळे केवळ लायनर झिजल्याने त्या कप्प्यात एवढी घट व्हायला नको. व्हील सिलिंडरचा रबरी बूट (टोकावरचे धूळ अडवणारे आवरण) हलकेच उचलून पाहिला, तर आत ओल होती, पण थेंब पडला नाही. बूट थोडा फुगलेला आणि मऊ लागतो. ब्रेकमधील रबराला खनिज तेल सोसत नाही, त्यामुळे आधी सील गळून गिअर ऑइल उडाले आणि त्याने बूट खराब केला, असा क्रम असू शकेल का? हा माझा मुख्य प्रश्न आहे, कारण मूळ दोष तसाच राहिला तर नवा सिलिंडर आणि नवे लायनर पुन्हा तेलात भिजतील.

ड्रम उतरलेला असताना पेडल दाबून पाहणे मी टाळले आहे, कारण तसे केल्यास सिलिंडरचे पिस्टन बाहेर निसटू शकतात. त्याऐवजी सर्व भाग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करावेत, ड्रम परत चढवावा, गाडी न चालवता पेडल अनेकदा जोराने दाबावे आणि मग उघडून फक्त सिलिंडरभोवती ओल आली का ते पाहावे, असा विचार आहे. त्यानंतर ब्रेकला हात न लावता गाडी डावी बाजू खाली राहील अशी तिरकी उभी करून ठेवली, तर सीलमधून येणारे तेल वेगळे ओळखता येईल असे वाटते. यापेक्षा खात्रीची पद्धत असल्यास कृपया सांगावी. धूळ हवेच्या झोताने उडवणार नाही, ती ओली करूनच पुसणार आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

एक्सल हाऊसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने बुजला, तर आतला दाब वाढून चांगले सीलही गळते, म्हणून तो आणि डिफरन्शियलमधील (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीतील) तेलाची पातळी मी आधी तपासणार आहे. पण एक्सल बाहेर काढल्यावर सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडलेली दिसली, तर नवे सील थोडे आत-बाहेर बसवून भागते का, की शाफ्टच बदलावा लागतो? त्याच वेळी बेअरिंग सुस्थितीत वाटले तरी बदलावे का? बेअरिंगमध्ये ढिलाई असली, तर नवे सील टिकणार नाही अशी मला भीती आहे.

लायनरबाबत माझे मत जवळपास पक्के आहे: तेल प्यायलेले लायनर घासून किंवा तापवून वापरण्यापेक्षा दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर एक बाजू आधी पकडेल. बुटाखालच्या ओलीबद्दल मात्र अनुभवी मत हवे आहे. थेंब पडत नसेल, तर तेवढी ओल चालते असे काही जण मानतात. पण टाकीतील घट लक्षात घेता तो सिलिंडर तसाच ठेवावा असे मला वाटत नाही. गळती नक्की कुठून आहे हे कळेपर्यंत गाडी उभीच आहे.