थारमधे जर्बिल (उंदरासारखा छोटा प्राणी) पकडायला ट्रॅप कधी लावायचे?

डिसेंबरात जैसलमेरला फील्डवर्क आहे, ४० शर्मन ट्रॅप (प्राणी जिवंत पकडायचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे) घेतलेत. रात्री लावले तर वाळवंटी जर्बिल मिळेल ना?

↳ नाही रे, तो दिवसा फिरणारा, रात्री टाटेरा इंडिका (दुसऱ्या जातीचा जर्बिल) सापडेल. थंडीत ऊन चढलं की वाळवंटी जर्बिल बिळाबाहेर येतो, तेव्हा बिळाच्या तोंडाशीच लाव आणि सारखं बघत राहा, अ‍ॅल्युमिनियमचा डबा उन्हात भट्टीसारखा तापतो.

↳ रात्री लावलेस तर आत कापूस ठेवच. मी एकदा विसरले, सकाळी टाटेराचं पिल्लू गारठून पडलेलं, शेपटीचा काळा झुपकासुद्धा ओला, ओंजळीत ऊब दिली तेव्हा कुठे मिशा हलल्या, अजून वाईट वाटतं.

↳ आमिषाला बाजरी नि शेंगदाण्याचं कूट, मुंग्या लागल्या तर ट्रॅप लगेच हलव. आणि डेझर्ट नॅशनल पार्कात जाणार असशील तर वनखात्याची परवानगी आधी काढ.