कॅमेरे लावले, पुढे काय?

कुणीतरी म्हटलंय की सोसायटीत सीसीटीव्ही लावले की पोलिसांच्या मागे लागायची गरज नाही. कॅमेरे हवेतच हो, पण आमच्याकडे सायकल चोरीला गेली तेव्हा डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ तासभर मागे निघालं, आणि पासवर्ड फक्त जुन्या सेक्रेटरींना ठाऊक. ते गावी! हवालदारसाहेब वॉचमनच्या खुर्चीत ताटकळत बसले. आता फुटेज काढता येणारी दोन माणसं ठरवून ठेवलीत.

खरा उपयोग होतो तो बीटवरच्या, म्हणजे आपल्या भागात गस्त घालणाऱ्या पोलिसांशी ओळख असल्याचा. तातडीला 112 आहे, ऑनलाइन पैसे गेले तर 1930. पण 'बंद फ्लॅटपाशी कुणीतरी रोज घुटमळतंय' हे सांगायला ओळखीचा माणूस बरा. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची नोंद ठाण्यात करा, भाडेकरूंची माहितीही द्या. मुंबईला हे नवं नाही, 1992-93 च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिट्यांमध्ये रहिवासी आणि पोलीस एकत्र बसतच होते.

आणि कृपा करून, डिलिव्हरीवाला जिन्यात दिसला की ग्रुपवर त्याचा फोटो टाकून 'चोर' म्हणणं थांबवा. संशय असेल तर ठाण्यात कळवा, चौकशी त्यांना करू द्या.