रविवारचा बालवर्ग: वीज चमकली की मोजायचं की पळायचं?

नंदा (सध्या सोलापूर, उत्तर कसबा)
मंडळी, रविवारी सकाळी साडेसातला इथेच गच्चीवर वर्ग घेतेय. टेक्सासहून सुट्टीला आलेली आपल्या मंडळाची पोरं आणि शेजारची दोन, मिळून अकरा. वयं ४ ते ८. उशीर चालणार नाही, दहानंतर गच्चीवर तळवे भाजतात. यावेळी वीज आणि वळीव.

घोळ असा झालाय. टेक्सासात यांना पढवलंय की टॉर्नेडो वादळाचा सायरन झाला की बाथरूम, टबात बसा, डोक्यावर उशी. परवा दुपारी चारला आभाळ भरून आलं, वारं सुटलं, तर धाकटा उशी घेऊन परसातल्या पत्र्याच्या न्हाणीत जाऊन बसला! वरचा पत्रा थडथडतोय आणि हा आत बादलीत. सांगितलं तेच केलं बिचाऱ्यानं. आता मुलांना द्यायच्या चिठ्ठीवर काय लिहू? आणि गडगडाट मोजायला शिकवायचं का? शनिवारपर्यंत कळवा, रविवारी झेरॉक्सवाला बंद.

सुहास (डॅलस)
नक्की शिकवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३ सेकंदांना एक किलोमीटर. वीज दिसली की 'एक हत्ती, दोन हत्ती' सुरू. ३० हत्तींच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत, घरात चला. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. गणितही होतं.

माधुरी
सुहास, तुमचा मुलगा दहाचा आहे हो. माझी बारा, तेरा झालं की थेट सतरावर जाते. आणि मोजायला उभी कुठे राहणार? अंगणात! लहानांना एकच सांगायचं: गडगडलं की घरात. आवाज ऐकू येतोय म्हणजे वीज पोचण्याइतकी जवळ आहे. पाऊस अजून आला नसला तरी. आणि उघड्यावर अडकलं तर उकिडवं बसा, ते चित्र कृपा करून दाखवू नका. इथल्या, अमेरिकेच्या, हवामान खात्यानं ते केव्हाच सोडलं. पोरं शेतात बेडकासारखी बसून राहतील आणि वाटेल, झालं, वाचलो.

आप्पा (सोलापूर, माजी खजिनदार)
आमची आई वीज चमकली की अर्जुनाची दहा नावं घ्यायची. अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी... काल घड्याळ लावून बघितलं, दहा नावांना नऊ सेकंद. नावं संपायच्या आत गडगडलं तर वीज तीन किलोमीटरच्या आत! हत्ती कशाला पाहिजेत?

बाकी 'घरात' म्हणजे कुठल्या घरात, ते आधी ठरवा की. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चाराला चार मिनिटं कमी. विसर्जनावरून येऊन नुकतं अंग टाकलेलं. फडताळातली भांडी खाली आली, आम्ही रस्त्यावर. तिकडं किल्लारीत दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाची माती. झोपलेली माणसं तशीच गाडली गेली. त्यानंतर आई दोन महिने अंगणातच झोपली. तिला कुणी 'घरात चल' म्हणून दाखवायचं होतं.

विनायक
आप्पा, दहांत पार्थ नाही. अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. मोजून घ्या.

आप्पा
आई पार्थच म्हणायची. वीज कधी पडली नाही.

संगीता (बालवर्ग समिती)
दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरलं होतं की मुलांना जाणारा मजकूर समितीकडून जाईल. सोलापूरचा वर्ग झाला तरी तो मंडळाचाच. शिवाय लॅमिनेट केलेली हवामानाची चित्रं नंदाताईंच्या सामानातून गेली आहेत. नोंद असावी.

नंदा
संगीता, चित्रं माझ्याकडे नाहीत. माझ्या सामानात तुझाच कुकर आला होता.

आप्पांचं म्हणणं मात्र पटलं. आमचंच घर पुढे स्लॅबचं, मागे माळवद, परसात पत्रा. भूकंपाची आणि विजेची चिठ्ठी एक करणार नाही, मुलं 'पळा' एवढंच लक्षात ठेवतात. विजेला पुढची खोली, खिडकीपासून लांब, नळाला हात नाही, चार्जरला लावलेला फोन नाही. मोहोळला शेतावर जाणाऱ्यांसाठी: झाड नाही, गोठा नाही, कडब्याची गंज नाही, चारचाकीत काचा वर करून बसा. मोठ्यांच्या फोनवर दामिनी टाकायला सांगतेय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं अ‍ॅप आहे, जवळपास वीज पडत असली तर इशारा देतं. मोजणं फक्त सहाच्या वरच्यांना, तेही पुढच्या खोलीत बसून.

चिठ्ठी वाचता न येणाऱ्यांचं काय, म्हणून आज खडू हातात देऊन धाकट्याला घरभर फिरवलं. पुढच्या दारावर गोल, न्हाणीच्या पत्र्यावर फुली. फुली काढून झाल्यावर विचारतो, "मग आंघोळ?"

सुहास
विजेत गाडीत बसलेलं चालतं ते टायर रबरी असतात म्हणून ना?

माधुरी
नाही. वरचं लोखंडी टप वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतं म्हणून. तुमच्या ताडपत्रीच्या जीपला चालणार नाही.

विनायक
नंदाताई, नावांची चिठ्ठी छापणार असाल तर जिष्णूचा णू दीर्घ घ्या.

संगीता
कुकर परत आणा.