नारळी पौर्णिमा, सुरूचं बन आणि आठवीतला मत्सर

सुरंगी
'आठवी-नववीच्या मुलांसाठी प्रेमकथा कशी लिहावी' हे टिपण काल वाचलं आणि राहवेना. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी त्यातली नमुना गोष्ट: गुहागरकडची वाडी. आठवीतला नायक एसटीत तिचं तिकीट काढतो. नारळी पौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता सुरूच्या बनालगत ती वाळूत त्याचं नाव लिहिते, लाट येते, नाव पुसलं जातं. मग शेजारच्या घरी मुंबईहून आलेला मुलगा तिच्याशी हसून बोलतो, म्हणून नायक त्याच्या सायकलचे टायर फाडतो. आणि ती? तिला कळतं, 'ह्याचं माझ्यावर खरंच प्रेम आहे.' खाली सल्ला, की मत्सर दाखवल्याशिवाय प्रेम पटत नाही.

आधी तिकीट. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना एसटीचा पास फुकट असतो. पैसे भरून पास काढतो तो मुलगा, तेही तिसरा हिस्सा भाडं देऊन. तेव्हा तिकीट काढायचंच तर तिने त्याचं काढावं, पास घरी विसरला म्हणून. बघा, लगेच गोष्ट सुरू होते.

आता मत्सर. तेराव्या वर्षी पोराला आपण जळतोय हेच कळत नसतं. 'तो नवीन आलाय ना, बोर आहे' असं तो तीनदा म्हणतो. कंपासपेटी द्यायची बंद करतो. एक थांबा आधी उतरून चालत जातो. लिहिताना आधी दोघांच्या रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या, समजा खिडकीची जागा. तिसरा माणूस तिथे सहज, काही मनात नसताना, येऊन बसू द्या. मग नायकाच्या हातून एक क्षुद्र गोष्ट घडू द्या, जी परत घेता येत नाही. आणि त्याचा भुर्दंड मुलीला पडू द्या, कारण वाडीत तसंच होतं. टायर फाडले त्याने, पण पाणंदीत चर्चा तिच्या नावाची. दुसऱ्या दिवसापासून तिला भावासोबत सकाळच्या गाडीने पाठवतात. हे सोडून तिला खूश दाखवणं म्हणजे मुलींना चुकीचं शिकवणं आहे.

फणसअठळी
बाई, गोष्ट लिहायची की समुपदेशन करायचं? तेरा वर्षांच्या वाचकाला मोठं काहीतरी घडायला हवं असतं. कंपासपेटी दिली नाही यावर चाळीस पानं कोण वाचणार? तिकिटाचं मान्य, मोठी चूक पकडलीत, सत्कार करू.

खाडीकाठ
मत्सराचं तुम्ही बघा. मला त्या लाटेचं बोलायचंय. पौर्णिमेला संध्याकाळी सहाला तिथे लाट येतेच कशी?

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोराला माहीत असतं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. त्यातून पौर्णिमेचं उधाण, पाणी नेहमीपेक्षा जास्त आत गेलेलं. सहा वाजता सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत चांगली पायपीट करावी लागते. ते नाव रात्री अकरापर्यंत शाबूत राहणार आणि सगळी वाडी वाचणार. खरं तर गोष्ट तिथेच आहे.

फणसअठळी
ओहोटी संपली की पाणी चढायला लागतंच ना? पुसेल की अर्ध्या तासात.

खाडीकाठ
पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा चढतो. दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. उधाणाचा फरक दोन मीटर धरला, तर पहिल्या तासात वीतभरसुद्धा नाही. उतार पन्नासास एक असेल तर पाणी आडवं आठेक मीटर सरकेल. पाण्याला चिकटून लिहिलं तर पुसेल, नाही कोण म्हणतो? पण तुमच्या लेखकाने सुरूखाली लिहवलंय. शिवाय श्रावणात पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मे महिन्यासारखी पसरट नसते, पावसाळी लाटांनी वाळू ओढून नेलेली असते.

माका_तुका_नको
भरतीचं काय घेऊन बसलात! त्या टिपणात गुहागरची पोरं 'माका', 'तुका' बोलतात. अहो, ती मालवणी, सिंधुदुर्गातली. रत्नागिरीच्या उत्तरेला असं कोण बोलतं? पुण्या-मुंबईच्या लेखकांना कोकण म्हणजे एकच बोली, एकच मासा, एकच नारळ.

सुरंगी
हेही खरं, पण कृपा करून मूळ मुद्द्यावर या. खाडीकाठ यांनी नकळत माझंच म्हणणं मांडलं. नाव लगेच पुसलं जात नाही, ही लेखकाला मिळालेली देणगी आहे. त्याच संध्याकाळी कोणी वाचलं, कोणी वर्गात फळ्यावर जोडीने लिहिलं, कोणी तिच्या मैत्रिणीला सांगितलं, यातून खरा त्रास उभा राहतो.

आणि मैत्रीण कुठाय त्या गोष्टीत? जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळांतली मुलं आठवीला एका हायस्कुलात येतात. चार वाड्यांची पोरं नव्याने एका वर्गात बसतात. त्या वर्षी मुलीला सगळ्यात जास्त झोंबतं ते आपली बाकावरची मैत्रीण दुसरीबरोबर डबा खायला लागली, हे. मुलावरून होणारी जळजळ त्यानंतर.

आजोळ
मुळात या वयाच्या मुलांना असलं वाचायला द्यायचंच कशाला? अभ्यास कमी आहे का?

फणसअठळी
आजोळ, पुस्तकात नाही मिळालं तर मोबाइलच्या स्टेटसवर मिळतं, तेही आईच्याच फोनवर. सुरंगीबाई, मैत्रिणीचं ठीक आहे, घालता येईल. पण टायर काढून टाकले तर गोष्टीला चढ राहत नाही, हे मी सोडणार नाही.

सुरंगी
टायर ठेवा हो. 'ती खूश झाली' एवढं काढा. आणि त्याने माफी मागितली तर त्याच पानावर मिळू देऊ नका. चार दिवस खिडकीची जागा रिकामी ठेवा. ती मागच्या बाकावर बसते, तोही बसत नाही. चढ त्यात आहे.

खाडीकाठ
आणखी एक. मुंबईचा मुलगा नारळी पौर्णिमेला गावात करतो काय? चाकरमानी येतात गणपतीला, म्हणजे अठरा-एकोणीस दिवसांनी. ज्यांना भरल्या समुद्राची हौस आहे त्यांनी प्रसंग गौरी-गणपतीच्या विसर्जनाला न्यावा. अष्टमी-नवमीच्या आसपास पाऊणपट सहा-पावणेसात येते, ऐन संध्याकाळी पूर्ण भरती. भांगाची असते, म्हणजे उधाणाइतकी वर चढत नाही, पण ओल्या पुळणीवरचं नाव पुसायला पुरे. मुंबईकर हजर, अख्खी वाडी किनाऱ्यावर, आणि राखी चुकवण्यासाठी पोराने पौर्णिमेला पोटदुखीचं सोंग घेतलं होतं तेही आधी घालता येईल.

फणसअठळी
बरं बाबा, गौरी विसर्जन. पंचांग घेऊनच लिहायला बसतो आता. पण अख्खी वाडी किनाऱ्यावर असताना ती वाळूत नाव लिहीलच कशी?

सुरंगी
नाही लिहिणार. तिची मैत्रीण लिहील, चिडवायला. आणि मुंबईकराचं लिहील.