शब्दकोड्यातून स्वातंत्र्यलढा: शिकवणं की नुसत्या चौकटी भरणं?

खडूफळा
ऑगस्ट लागला की शिक्षकांच्या ग्रुपवर शब्दकोडी फिरायला लागतात. ‘मिठाचा सत्याग्रह झाला ते गाव’, ‘जहाल नेत्यांपैकी बाल’ वगैरे. मुलं भराभर चौकटी भरतात, आपण फोटो काढतो, उपक्रम झाला. माझं मत स्पष्ट आहे, यात इतिहास शिकवला जात नाही. पाठांतराचीच परीक्षा, फक्त रंगीत कागदावर.

आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. ‘नंदुरबारचा बालहुतात्मा, सहा अक्षरं’. उत्तर शिरीषकुमार. पुढे काय? ९ सप्टेंबर १९४२ च्या त्या गोळीबारात लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामही गेले, हे त्या सहा चौकटींत कुठे आहे? मिरवणुकीतली घोषणा गुजराती होती, ‘नहीं नमशे, नहीं नमशे’, म्हणजे झुकणार नाही. ‘चले जाव’चा ठराव मुंबईत ऑगस्टमध्ये झाला आणि महिनाभरात नंदुरबारात पंधरा वर्षांचा मुलगा झेंडा घेऊन उभा राहिला. हे इथवर कसं पोचलं, कोणी पोचवलं, घरच्यांनी अडवलं का नाही, हा खरा धडा. त्याला किती चौकटी देणार?

केळीबाग
ताई, दोष कोड्याचा नाही, ज्याने शोधसूत्रं लिहिली त्याचा आहे. ‘बालहुतात्मा’ विचारलं तर पाठ केलेलंच येणार. ‘त्या दिवशी पाच जण पडले, गाव एकाचंच नाव घेतं, उरलेल्यांपैकी एकाचं आडनाव, चार अक्षरं’ असं विचारा. शशिधरचं केतकर हे आडनाव शोधायला पोराला हुतात्मा चौकात जाऊन उभं राहावं लागेल, नाहीतर आजोबांना विचारावं लागेल.

आता हे बघा. १८५२ मध्ये सावदा-फैजपूर पट्ट्यातले शेतकरी सरकारविरुद्ध हजारोंनी जमले. कशासाठी? जमिनीच्या नव्या मोजणीवरून. सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, वाढणार अशी धास्ती होती. ‘मोजणी’ तीन अक्षरं, मधलं ‘ज’. आणि ‘फैजपूर’ चार अक्षरं, दुसरं ‘ज’. आडवा-उभा नेमका ‘ज’वर बसतो. त्याच फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष. शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला तोही तिथेच, त्यात सारा आणि कुळांनी द्यायचा खंड कमी करा ही मागणी होतीच. दोन शब्द एका अक्षरात भेटले की पोरगं आपोआप विचारतं, या दोघांचा काय संबंध? मग फळ्याकडे वळा आणि शिकवा की. नुसतं व्याख्यान देऊन हा प्रश्न त्याच्या तोंडून काढून दाखवा.

सातपुड्याचा
‘ज’चा योग चांगला जुळला, मान्य. पण जे जुळत नाही त्याचं काय? मराठी कोड्यात अक्षर मात्रेसकट जुळावं लागतं. सत्तावन्नच्या उठावातला आपला भिल्ल पुढारी खाज्या नाईक घ्या, ‘खाज्या’तलं ‘ज्या’ दुसऱ्या कुठल्या शब्दात घालणार? कोडं बनवणारा शेवटी सोपं नाव उचलतो. नेहरू बसतात, गांधी बसतात, खाज्या नाईक बाहेर. आमच्याकडच्या शाळांत बहुतेक पोरं पावरा आणि भिल्ल. त्यांच्याच डोंगरात, अंबापाणीला ११ एप्रिल १८५८ ला भिल्लांची इंग्रजांशी मोठी लढाई झाली, बायका त्यात होत्या, मेलेही कितीतरी. आणि पोरं चौकटीत काय भरतात? ‘दांडी’.

केळीबाग
दादा, सगळी अक्षरं छेदायची गरजच नसते, एक पुरतं. ‘खाज्या’चं ‘खा’ आणि ‘खानदेश’चं ‘खा’. झालं.

सातपुड्याचा
बसवलंत, ठीक. पण मग सूत्र काय लिहिणार? ‘१८५७ चा भिल्ल वीर’? खाज्या आधी इंग्रजांच्याच चाकरीत होता, सेंधवा घाटाच्या वाटेची राखण त्याच्याकडे होती. मग त्याला शिक्षा झाली, चाकरी गेली, आणि सत्तावन्नच्या धामधुमीत तो उलटला, इंदूरकडून येणारा खजिना लुटला. त्याच्याही आधी, १८२५ मध्ये, आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारसाठी भिल्ल पलटण उभी केली होती, धरणगावला तिचं ठाणं. म्हणजे भिल्ल दोन्हीकडे. पोराने विचारलं, ‘सर, आपले लोक तिकडे का गेले?’ तर याचं एक उत्तर नाही. भूक आहे, जंगल आहे, नाईकांमधली, म्हणजे भिल्ल प्रमुखांमधली, भांडणं आहेत, साहेबाने दिलेला पगार आहे. कोड्याला एकच उत्तर लागतं. माझी हरकत तिथे आहे, अक्षरांच्या गणिताशी नाही.

गिरणामाय
भाऊ, आपला खान्देशना इतिहास पुस्तकमा एक पान बी नही शे. पयले पान तर लिखा, मंग कोडं का गोष्ट ते ठरवू!

निवृत्त गुरुजी
खडूफळा ताई, तुम्ही म्हणता ते कोडं सोडवण्याबद्दल खरं आहे. कोडं बनवण्याबद्दल नाही. माझ्या वर्गात मी मुलांनाच बनवायला लावत असे. सूत्र लिहायचं म्हणजे दहा शब्दांत नेमकं बोलायचं, आणि ते करताना त्यांची खरी पंचाईत होते. अमळनेरच्या स्वातंत्र्यसैनिक लीलाताई पाटलांवर सूत्र लिहा म्हटलं तर पोरं आधी ‘उत्तमराव पाटील यांच्या पत्नी’ असं लिहायची. मुली भांडायच्या, बेचाळीसमध्ये त्या स्वतः तुरुंगात गेल्या ना, मग पत्नी कशाला लिहायचं? तो वाद अर्धा तास चालायचा. एवढी चर्चा माझ्या भाषणावर कधी झाली नाही.

एक मात्र सांगतो. हे काम तासिकेत उरकत नाही. ज्याला उपक्रमाचा फोटो हवा आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

खडूफळा
गुरुजी, तुमचा वर्ग तुमचा होता. आता घटक चाचणी, पोर्टलवर माहिती भरणं, दोन वर्ग एका शिक्षकाकडे. अशा शाळेत ‘मुलांनी कोडं बनवावं’ हे वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात छापील कोडंच वाटलं जाणार आणि मागच्या पानावरचं उत्तर बघून भरलं जाणार. मी त्या कोड्यावर टीका करतेय, तुमच्या कोड्यावर नाही.

आणि सातपुड्याचा म्हणतात त्याला माझा पाठिंबा आहे. एकदा उत्तर चौकटीत बसलं की मुलांना ते संपल्यासारखं वाटतं. रिकामी चौकट राहिली तर चूक, इतकंच शिकतात.

केळीबाग
मग एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवा! गंमत नाही करत. चिमठाण्याचं सूत्र देतो: ‘१४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यातल्या या गावाजवळ सरकारी खजिना पळवला, साताऱ्याहूनही कार्यकर्ते आले होते, चार अक्षरं’. उत्तर भरलं की खाली दोन ओळी कोऱ्या: ‘सातारकर इतक्या लांब का आले असतील?’ एक उत्तर चौकटीत, दुसरं वहीत.

खडूफळा
वहीतलं कोण तपासणार, हे सांगाल का? कारण मार्क चौकटीलाच मिळणार आहेत.

सातपुड्याचा
आणि ‘पळवला’ ऐवजी ‘लुटला’ लिहिलंत तर माझ्या वर्गात पुन्हा भांडण होणार आहे. खाज्याने खजिना घेतला तर तो लुटारू, चिमठाण्यात घेतला तर क्रांतिकारक? पोरं विचारतात हे. केळीबाग, या प्रश्नाचं सूत्र लिहा, मी माझ्या शाळेत वाटतो.