दहावीच्या पोरांच्या चिठ्ठ्यांना उत्तरं कशी द्यावीत? (मदत हवी आहे)

पानमळा:

नमस्कार मंडळी,

मिरज तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बरीच वर्षं इथं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. गावाचं, शाळेचं नाव विचारू नका.

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' हा पाठ आहे. मानवी प्रजनन, ऋतुचक्र, लैंगिक आजार, सगळं त्यात आहे. आमच्याकडची जुनी रीत अशी, की मुली बाईंकडं, मुलं ग्राउंडवर, आणि उरलेलं 'घरी वाचून या'. यंदा मी सगळ्या वर्गाला एकत्र बसवून शिकवलं. मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. आकृतीला नावं द्यायला उभं केल्यावर तीही थांबली.

मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय यावर ठरतं, हे फळ्यावर लिहिलं, तर एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मग सर, आजी माझ्या आईलाच का बोलती?" वर्ग चिडीचूप. म्हैसाळ आमच्यापासून लांब नाही. २०१७ च्या मार्चमध्ये तिथं १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा ही पोरं अगदी लहान होती. पण घरात बोललेलं कानावर पडलेलं असतंच. त्या दिवशी पुढचा मुद्दा घेतलाच नाही, तास त्यावरच गेला.

नंतर टेबलावर एक खोकं ठेवलं. नाव न घालता चिठ्ठी टाका म्हटलं. चार दिवसांत भरलं की हो! काही नमुने:

"पाळीत पानमळ्यात गेलं तर वेल जळते का? आमच्यात रोजानं येणाऱ्या बायकांना कोण विचारत नाही."

"हाताने केल्यावर ताकद जाते का. मला भरतीला उतरायचंय."

"पोरगी नाही म्हणाली तर परत किती वेळा विचारायचं?"

पहिल्या दोन चिठ्ठ्यांची उत्तरं देऊन झाली. वेल जळत नाही आणि ताकदही जात नाही. (रोजानं येणाऱ्या बायकांचा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नसता. पोरगी वकील होणार.) तिसरीला "एकदाही नाही" म्हणून मोकळं होता आलं असतं, पण पोरं पटल्यासारखी मान हलवतात आणि संध्याकाळी क्लासबाहेर गाडी लावून उभी राहतात. हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं?

आणि एक चिठ्ठी वेगळी आहे. मजकूर मुद्दाम बदलून लिहितो: घरी येणारा नात्यातला एक माणूस जवळ बसतो, हात लावतो, नको वाटतं, कुणाला सांगितलं तर मलाच बोलतील. नाव नाही. ती वाचल्यापासून झोप नाही. हेडसरांना सांगितलं, तर म्हणाले, "खोकं उचला आधी." एका संचालकांचाही फोन आला, पाठ शिकवा, पोरांना नको ते सुचवू नका म्हणून. शनिवारी पालकसभा आहे.

कागदावर सगळं आहे बरं का. २०२० पासून केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून एक शिक्षक, एक शिक्षिका आणि ११ विषय ठरलेत. त्यात नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, प्रजनन आरोग्यही आहे. आमच्या शाळेत प्रशिक्षण झालेल्या बाई होत्या, त्या बदलून गेल्या. राज्याच्या मार्च २०२२ च्या जीआरप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा बोर्डही भिंतीवर आहे. बैठक झालेली मी तरी पाहिली नाही.

तर त्या चिठ्ठीचं काय करू, आणि पालकांपुढं काय बोलू? जाणकारांनी सांगा.

कोयनाकाठ:

सर, मी कराडकडची, निवृत्त शिक्षिका. आधी त्या चिठ्ठीचं बोलू. हस्ताक्षर वह्यांशी ताडून बघत बसू नका. वर्गात कुजबुज झाली तर पोरगी (किंवा पोरगा, मुलांच्या बाबतीतही होतं हे) पुन्हा तोंड उघडणार नाही. चिठ्ठी वाचूनही दाखवू नका. उद्याच सगळ्या वर्गाला मोघम सांगा: कुणाचा स्पर्श नकोसा वाटत असेल तर चूक तुमची नाही, तो माणूस नात्यातला असला तरी नाही. मग १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फळ्यावर लिहा, २४ तास लागतो, पैसे पडत नाहीत. आणि मधल्या सुट्टीत अमुक बाई आणि मी प्रयोगशाळेत असतो, असं ठिकाणासकट सांगा. नुसतं 'कधीही या' म्हटलं की कुणी येत नाही.

आली, तर खोदून विचारू नका. ती सांगेल तेवढं तिच्याच शब्दांत उतरवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही.

काळा कोट:

वरच्या ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. पोक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा), कलम १९: गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होण्याची शक्यता वाटत असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही १९ मध्येच आहे. नाव माहीत नाही म्हणून थांबू नका. १०९८ ला आजच फोन करा, हेडसरांना लेखी द्या, पोच घ्या. खोकं उचलून चिठ्ठी नाहीशी होत नाही, हे त्यांना सांगा. चिठ्ठी जपून ठेवा.

मुलीला पोलीस ठाण्यात बसवतील ही भीती असते. कलम २४ प्रमाणे जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो.

दोन पोरींचा बाप:

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पाठ एकत्र शिकवा, हरकत नाही. पण पाळीबद्दल माझी थोरली मुलांसमोर विचारणार नाही, आणि तिनं का विचारावं? आणि पालकसभेत 'लैंगिक शिक्षण' असं म्हणालात की निम्मी सभा उठेल. २००७ ला राज्यात याच नावावरून गोंधळ होऊन कार्यक्रम बंद पडला होता, आठवतंय का? आम्हाला आधी पुस्तकातली पानं दाखवा. सरकारचंच पुस्तक आहे म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसतो.

कोयनाकाठ:

बापमाणूस, पानं दाखवायचं पटलं. मुलांसमोर नको, हे अर्धंच पटलं. चिठ्ठ्यांची उत्तरं एकत्रच द्यावीत, विचारणं मात्र ज्याचं त्यानं. नाहीतर मुलांना पाळी कळणार कधी, लग्नानंतर?

'किती वेळा विचारायचं'साठी माझा वर्गातला प्रकार सांगते. समजा एक जण रोज तुमची गाडी मागतो, तुम्ही नाही म्हणता, तो मित्र घेऊन घराबाहेर थांबतो, रात्री मेसेज टाकतो. काय वाटेल? पोरं लगेच बोलायला लागतात. वैताग येतो, भीती वाटते, शेवटी कटकट नको म्हणून चावी देऊन टाकतो. मग विचारायचं, हे 'हो' झालं का? आपण सांगायचंच नाही, तीच भांडतात.

काळा कोट:

भरतीवाल्यांना हेही सांगा. १८ च्या आतल्या मुलीचा वाईट हेतूनं सारखा पाठलाग करणं किंवा तिला सारखे मेसेज टाकणं पोक्सोच्या कलम ११ मध्ये येतं. पुढं चारित्र्य पडताळणी असते. आणि १८ च्या आत मुलीची संमती होती, हा बचाव चालत नाही.

पानमळा:

सगळ्यांचे आभार. मघाशी १०९८ ला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं. हेडसरांना लेखी दिलंय. पोच द्यायला खळखळ केली, पण दिली. सभेत पुस्तक घेऊनच उभा राहतो. खोकं सध्या स्टाफरूमच्या कपाटात गेलंय, ते उद्या प्रयोगशाळेत ठेवतो.

आता एकच अडचण उरली. मधल्या सुट्टीत बसायला बाई कोण? आमच्याकडं मराठीच्या बाई आहेत, पण त्या म्हणतात, मला यातलं बोलता येत नाही.

कोयनाकाठ:

बोलायचं कुठं आहे, ऐकायचंय. त्यांच्यासाठी माझा नंबर तुम्हाला व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवते.